झडपेचा आवाज आणि मनाची धाकधूक

अल्बर्ट स्टार हे नाव हृदयशस्त्रक्रियेच्या इतिहासात एका लहानशा गोळ्याशी जोडलेलं आहे. धातूच्या पिंजऱ्यात वरखाली होणारा सिलिकॉन रबराचा गोळा, ही त्यांची मायट्रल झडप. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात लोवेल एडवर्ड्स या निवृत्त इंजिनिअरच्या जोडीनं त्यांनी ती घडवली आणि १९६० साली माणसाच्या हृदयात बसवली. हे काम सगळ्या पाठ्यपुस्तकांत आहे. त्यानंतर चारच वर्षांनी स्टार यांनी केलेलं दुसरं काम मात्र फारसं कुणी सांगत नाही. १९६४ साली पॉल ब्लॅकली या मनोविकारतज्ज्ञाबरोबर त्यांनी एक निबंध लिहिला. विषय होता हृदय उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना होणारा भ्रम. ज्या हातांनी झडप बसवली, त्याच हातांनी लिहून ठेवलं की हृदय सावरत असताना रुग्णाचं मन भरकटतं आहे.

तेव्हापासून साठ वर्षं उलटली. झडपा कितीतरी सुधारल्या. मनाबद्दलचं ज्ञान मात्र तुकड्यातुकड्यांनी जमत गेलं आणि त्यातलं बरंचसं बायपासच्या रुग्णांकडून आलं. पाश्चात्त्य देशांतले साठीपुढचे, बहुतांशी पुरुष असे ते रुग्ण. आपल्याकडे झडपेच्या शस्त्रक्रियेला येणारा माणूस अनेकदा वेगळा असतो. तो तरुण असतो, गरीब असतो आणि पुष्कळदा ती बाई असते. तिच्या छातीत कायमची एक वस्तू बसते, त्या वस्तूसाठी आयुष्यभर एक गोळी घ्यावी लागते. बायपासवाल्यांचं शहाणपण तिला जसंच्या तसं लागू पडत नाही, हे ध्यानात ठेवून या सगळ्या अभ्यासांकडे पाहायला हवं.

सुरुवात आयसीयूतल्या रात्रींपासून करू. शस्त्रक्रिया उत्तम झालेली असते, नळ्या निघालेल्या असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री रुग्ण अचानक सांगू लागतो की छतावरून मुंग्या चालल्या आहेत, नर्स आपल्याला विष देणार आहे, आपल्याला कुठल्याशा गोदामात डांबलं आहे. कुणी सलाइनची सुई उपसतो. कुणी याच्या उलट गप्प गप्प होतो, कशालाच उत्तर देत नाही. हा मुका भ्रम तर लक्षातही येत नाही. आपल्या आज्या याला ‘वात झाला’ म्हणायच्या. वैद्यकशास्त्रात याचं नाव डिलिरियम. हृदयशस्त्रक्रियेनंतर त्याचं प्रमाण अभ्यासागणिक बदलतं, पण पाचांत एक हे कमीत कमी धरावं. वयस्कर रुग्णांत ते आणखी वाढतं.

१९६५ साली न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड कॉर्नफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचाच अभ्यास केला, तेव्हा तिघांत एकाहून जास्त रुग्णांना असा भ्रम झालेला दिसला. त्यांनी बोट ठेवलं ते खोलीवर. दिवसरात्र एकसारखा उजेड, यंत्रांचा अखंड आवाज, सलग झोप नाही, घड्याळ नाही, खिडकी नाही, ओळखीचा चेहरा नाही. खोली बदला, रुग्णाला झोपू द्या, असं त्यांनी सुचवलं. हार्ट-लंग मशीन, भूल, सूज, वय, मेंदूचा रक्तपुरवठा ही कारणं आहेतच. पण उजेड आणि आवाज यांवर उपाय करायला पैसे जवळजवळ लागत नाहीत. रुग्णाचा चष्मा त्याला परत द्या, कानातलं यंत्र लावा, दिसेल असं घड्याळ ठेवा, रात्री दिवा मंद करा, घरच्या एका माणसाला रोज थोडा वेळ आत बसू द्या. शॅरन इनूये यांनी १९९९ साली वृद्ध रुग्णांसाठी असाच साधा कार्यक्रम राबवला, तेव्हा डिलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून सुमारे १० टक्क्यांवर आलं. ते रुग्ण हृदयशस्त्रक्रियेचे नव्हते, तरी उपाय लागू पडण्यासारखेच आहेत. आपल्याकडच्या गजबजलेल्या वॉर्डांत नातेवाइकांना बाहेर ठेवण्यामागे संसर्गाची खरी भीती असते, हे मान्य. तरीही त्या भीतीपोटी आपण एक औषध दाराबाहेर उभं करतो आहोत, याची जाण असावी.

भ्रम ओसरतो, पण त्याची आठवण राहते, आणि ती कुणाला सांगायची लाज वाटते. ‘मी नर्सला शिवी दिली’, ‘माझा नवरा मला मारायला आला असं वाटलं’ अशा गोष्टी घरी गेल्यावर महिनोन्‌महिने मनात कुरतडत राहतात. आधीच कुणी सांगितलं असतं की असं होऊ शकतं, त्यात तुमचा दोष नाही, वेड लागल्याचं ते लक्षण नाही, तर निम्मी धास्ती कमी झाली असती. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर मृत्यू आणि पक्षाघात यांचा उल्लेख असतो. या गोष्टीबद्दल मात्र तोंडी दोन वाक्यंही क्वचितच बोलली जातात.

मग माणूस घरी येतो आणि पहिल्या निवांत रात्री त्याला तो आवाज ऐकू येतो.

धातूची किंवा कार्बनची झडप मिटताना टिक असा आवाज करते. चार्ल्स हफनागेल यांनी १९५२ साली बसवलेल्या पहिल्या प्लास्टिक झडपेचा आवाज तर शेजारी उभ्या माणसालाही ऐकू जायचा. आजच्या झडपा तेवढ्या बोलक्या नाहीत, पण उशीवर डावा कान टेकला की टिकटिक येतेच. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून जास्त वेळा. बहुतेक रुग्णांना काही महिन्यांत तिची सवय होते, काहींना तर तिच्याशिवाय झोप येत नाही. काहींची सवय मात्र उलट्या दिशेनं लागते. ते ठोके मोजू लागतात. एखादा ठोका मागेपुढे झाला की अंगाला घाम फुटतो. कीवमध्ये काम करणाऱ्या व्हिक्टर स्कुमिन यांनी १९७८ च्या सुमारास अशा रुग्णांचं वर्णन केलं: सगळं लक्ष झडपेकडे लागलेलं, ती बिघडेल किंवा आपल्या हालचालीनं सुटेल अशी भीती, झोप उडालेली, मन खिन्न, अंगात त्राण नाही. त्या वर्णनाला पुढे त्यांचंच नाव मिळालं. स्वतंत्र आजार म्हणून ते सर्वमान्य झालेलं नाही आणि माझ्या मते व्हायची गरजही नाही. चिंता आणि नैराश्य यांच्यातच ते बसतं. पण त्यांनी नेमकी जागा दाखवली. ही चिंता शरीरातल्या एका वस्तूभोवती फिरते, त्या वस्तूला आवाज आहे, आणि तो बंद झालेला कुणालाच नको आहे.

ही भीती निव्वळ मनाचा खेळ म्हणून उडवून लावता येत नाही, हे दाखवणारं एक प्रकरण इतिहासात आहे. ब्यॉर्क-शायली नावाच्या झडपेचं एक नवं रूप १९७९ ते १९८६ या काळात विकलं गेलं आणि जगभर सुमारे ८६ हजार लोकांच्या हृदयात बसलं. त्यातल्या काही झडपांचा एक बारीक दांडा तुटला, चकती निसटली आणि बरेच रुग्ण दगावले. उरलेल्या हजारो लोकांच्या झडपा व्यवस्थित चालू होत्या. त्यांना एवढंच कळलं होतं की आपलीही तुटू शकते. बदलून घ्यावी, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा धोका अनेकांसाठी तुटण्याच्या धोक्याहून मोठा होता. या लोकांच्या वतीनं अमेरिकेत चाललेल्या खटल्यात १९९२ साली जी तडजोड झाली, तिच्यात वैद्यकीय आणि मानसिक सल्ल्यासाठी वेगळा निधी ठेवला गेला. झडप चालू असतानाही तिच्या धास्तीत जगणं हीच एक इजा आहे, हे तिथे रकमेच्या रूपानं मान्य झालं.

आपल्याकडे याच सुमारास तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत एम. एस. वलियाथन आणि त्यांचे सहकारी स्वस्त भारतीय झडप घडवत होते. आधीचे नमुने फसले. डिसेंबर १९९० मध्ये यशस्वी नमुना पहिल्यांदा रुग्णात बसला आणि आज लाखाहून अधिक चित्रा झडपा वापरल्या गेल्या आहेत. तिची चकती एका चिवट प्लास्टिकची आहे, त्यामुळे ती मिटताना धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज होत नाही. किंमत आणि टिकाऊपणा यांच्यासाठी या झडपेचं कौतुक होतं, ते रास्तच आहे. पण झोपायच्या खोलीतल्या शांततेसाठीही तिचे आभार मानायला हवेत.

आता त्या गोळीकडे वळू. मला वाटतं, आपल्याकडच्या प्रश्नाचं मूळ आवाजापेक्षा इथे जास्त आहे. कृत्रिम झडपेवर रक्ताची गाठ बसू नये म्हणून वॉरफरिन किंवा असेनोकुमेरॉल रोज घ्यावं लागतं आणि आयएनआर ही रक्ततपासणी वारंवार करावी लागते. मायट्रल झडपेसाठी हा आकडा साधारण अडीच ते साडेतीन यांच्या मध्ये हवा. त्याहून कमी झाला तर गाठ, जास्त झाला तर रक्तस्राव. म्हणजे दर काही आठवड्यांनी एका आकड्याची वाट पाहत जगायचं. आकडा मागेपुढे झाला की घरात उलटतपासणी सुरू होते: मेथी खाल्लीस का, पालक कुणी दिला, एकादशीचा उपास का धरलास, सर्दीची गोळी कुठून आणलीस. पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वानं औषधाचा जोर कमी होतो हे खरं आहे, पण उपाय पालेभाज्या सोडण्याचा नाही. त्या रोज साधारण सारख्याच प्रमाणात खायच्या, एवढंच. हे नीट न सांगितल्यामुळे कितीतरी घरांत रुग्णाचं ताट म्हणजे भीतीचं कारण होऊन बसतं. कुणी मग हिरवा रंगच वर्ज्य करतो, कुणी भाजी चिरताना सुरीला हात लावत नाही, कुणी दाढी करणं सोडतो.

आणि मन खचलं की गोळी चुकते. आपल्या हृदयरोग विभागांत ‘स्टक व्हॉल्व्ह’ हा शब्द रोजच्या वापरातला आहे: गाठ बसून झडप अडकलेली, रुग्ण धापा टाकत आलेला. विचारलं तर कळतं, पंधरा दिवस गोळी घेतलेली नव्हती. कारण म्हणून पैसे, अंतर, अज्ञान असं लिहिलं जातं, आणि ही कारणं खरीही असतात. पण उदास माणूस औषध विसरतो. ज्याला उद्याची आशा वाटत नाही, तो उद्यासाठीची गोळी कशाला घेईल? अमेरिकेत झडपेच्या ६४८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेआधीच त्यांच्यातल्या सुमारे २९ टक्के रुग्णांत नैराश्याची लक्षणं होती. सहा महिन्यांत या गटातले सुमारे १३ टक्के दगावले, बाकीच्यांतले सुमारे ८ टक्के. नैराश्यामुळेच मृत्यू झाले असं यातून सिद्ध होत नाही. जास्त आजारी माणूस जास्त उदास असतो. तरीही ज्या विभागात आयएनआरचा दशांश बघितला जातो, तिथे या फरकाकडे डोळेझाक करता येणार नाही.

आपल्या रुग्णाचं वय इथे आड येतं. लहानपणी घसा दुखला, ताप आला, सांधे सुजले, आणि ऱ्हुमॅटिक तापानं हृदयाच्या झडपेवर कायमचा व्रण ठेवला, अशी आपल्याकडच्या बहुतेक तरुण रुग्णांची कथा आहे. श्रीमंत देशांतून हा आजार जवळजवळ गेला. २०१८ साली जागतिक आरोग्य सभेनं त्याच्याविरुद्ध ठराव केला, तो आपल्यासारख्या देशांसाठी. मायट्रल झडप आवळण्याचा विकार बायकांत जास्त. तेव्हा विशी-पंचविशीतली मुलगी, तिच्या छातीच्या मधोमध गळ्याखालून उतरणारा व्रण, आणि घरात स्थळं बघणं चालू. ब्लाउजचा गळा किती शिवायचा इथपासून ‘त्यांना सांगायचं का’ इथपर्यंत सगळे प्रश्न तिचे एकटीचे असतात. काही घरांत शस्त्रक्रिया लपवून लग्न होतं. मग गोळीही लपवून घ्यावी लागते, आणि लपवून घ्यायची गोळी चुकतेच. पाळीतला रक्तस्राव या औषधानं वाढतो. तो कुणाजवळ बोलायचा? पुढे मूल. वॉरफरिन पहिल्या तीन महिन्यांत, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, गर्भाला व्यंग करू शकतं. त्याऐवजी हेपरिनची इंजेक्शनं घेतली तर झडपेवर गाठ बसण्याचा धोका वाढतो. आईचा जीव की बाळाची सुरक्षा, असा तराजू तिच्या हातात दिला जातो, आणि सासरची माणसं विचारत राहतात की दोन वर्षं झाली तरी अजून काही नाही का.

प्राण्यांच्या ऊतीपासून केलेली झडप घेतली तर सहसा ही गोळी कायमची लागत नाही. पण तरुण शरीरात ती लवकर झिजते आणि पुन्हा छाती उघडायची वेळ येते. शिवाय या झडपा डुकराच्या झडपेपासून किंवा गोवंशाच्या हृदयावरणापासून होतात. काही रुग्णांच्या मनाला हे बोचतं, पण विचारल्याशिवाय ते बोलत नाहीत. निवड करण्याआधी हे सांगितलं पाहिजे आणि त्यावर विचार करायला वेळ दिला पाहिजे. नंतर कुणाच्या तोंडून कळणं फार वाईट.

मनाची तक्रार आपण छातीच्याच शब्दांत सांगतो, ही आणखी एक अडचण. काळजात धस्स झालं, छाती दडपली, जीव वरखाली होतोय. झडपेचा रुग्ण हे म्हणाला की लगेच ईसीजी आणि इको होतो, आणि तो व्हायलाच हवा, कारण एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची लय बिघडणं), गाठ, संसर्ग या सगळ्यांची सुरुवात अशीच असू शकते. पण रिपोर्ट चांगला आला की ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ म्हणून संभाषण तिथेच संपतं. उलट बाजूनंही चूक होते. मरगळ, झोप, उदासी यांना मनाचं लेबल लावलं जातं आणि मागे असतं कमी झालेलं हिमोग्लोबिन किंवा हृदयाची लय सांभाळायला दिलेल्या अमिओडॅरोनमुळे बिघडलेलं थायरॉइड. त्यामुळे दोन्ही तपासायला हवं, दर वेळी.

बुद्धीचं काय? शस्त्रक्रियेनंतर नावं आठवत नाहीत, हिशोब चुकतो, वाचलेलं डोक्यात राहत नाही, असं कितीतरी जण सांगतात. २००१ साली अमेरिकेत बायपासच्या रुग्णांवर झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात डिस्चार्जच्या वेळी निम्म्याहून जास्त लोकांची आकलनशक्ती घटलेली आढळली, सहा महिन्यांनी ते प्रमाण चौथ्या हिश्शावर आलं, पण पाच वर्षांनी पुन्हा वाढलं. पुढे शस्त्रक्रिया न झालेल्या हृदयरुग्णांशी तुलना झाली, तेव्हा दीर्घकाळाची घट त्यांच्यातही जवळपास तशीच दिसली. म्हणजे सुरुवातीचा धुरकटपणा खरा आणि बहुतेकांत ओसरणारा. वर्षांनंतरच्या घसरणीत मूळ रक्तवाहिन्यांच्या आजाराचा वाटा मोठा. फक्त झडपेचाच विकार असलेल्या तरुण रुग्णाला यातून खूपसा दिलासा मिळावा.

उपायांकडे येताना एका निराशाजनक निष्कर्षापासून सुरुवात करते. डेन्मार्कमध्ये झडपेच्या १४७ रुग्णांवर एक नेटकी चाचणी झाली. अर्ध्यांना बारा आठवडे व्यायाम आणि जोडीला दर महिन्याला नर्सशी संवाद, अर्ध्यांना नेहमीची काळजी. २०१६ साली निकाल आला: दमसास वाढला, मानसिक आरोग्याचे गुण मात्र बदलले नाहीत. यावरून पुनर्वसन निरुपयोगी असं मी म्हणणार नाही. चाचणीत सगळ्यांनाच घेतलं होतं, उदास असोत वा नसोत. ज्याला ताप नाही त्याचा ताप उतरवून दाखवता येत नाही. ज्या चाचण्यांत नैराश्य असलेलेच रुग्ण निवडले, तिथलं चित्र वेगळं आहे. बायपासनंतर नैराश्य आलेल्या १२३ जणांवरच्या चाचणीत (२००९) विचार आणि वर्तन बदलण्याच्या पद्धतशीर उपचारानं तीन महिन्यांत ७१ टक्के रुग्ण त्यातून बाहेर आले. नेहमीची काळजी मिळालेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होतं. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या परिसरातल्या ३०२ रुग्णांच्या चाचणीत सुमारे निम्म्यांना नर्सेसनी आठ महिने निव्वळ फोनवरून साथ दिली आणि तीही उपयोगी पडली.

फोन ही गोष्ट आपल्यासाठी मोलाची आहे. गडचिरोलीहून किंवा नंदुरबारहून आलेला रुग्ण मोठ्या शहरातल्या समुपदेशनाला दर आठवड्याला येऊ शकत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा मोठा खर्च निघतो, पण एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी त्याचीच असते. फोन मात्र घरोघरी आहे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते. डिस्चार्जच्या कागदावर आयएनआरच्या तारखेखाली हा क्रमांक छापायला किती शाई लागेल? एक सावधगिरी मात्र हवी. पिट्सबर्गच्या चाचणीत फायदा मुख्यतः पुरुषांना झाला, बायकांना कमी. आपल्या रुग्णांत बायकाच जास्त, आणि फोन पुष्कळदा नवऱ्याच्या खिशात.

औषधंही आहेत, पण जपून. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांतल्या काही वॉरफरिनचा जोर वाढवतात आणि त्या गटातल्या बहुतेकांनी रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते. हृदयरुग्णांत सर्ट्रालिनचा अनुभव त्यातल्या त्यात चांगला आहे. म्हणून मनोविकारतज्ज्ञाला झडपेबद्दल आणि हृदयरोगतज्ज्ञाला मनाच्या गोळीबद्दल कळलंच पाहिजे, आणि नवं औषध सुरू झालं की आयएनआर लवकर तपासला पाहिजे. लाजेपोटी यातली एक चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरपासून लपवणं जिवावर बेतू शकतं.

विचारायला फार मोठी प्रश्नावलीही लागत नाही. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही असं किती दिवस झालं? उदास, हताश वाटलं असं किती दिवस? एवढे दोन प्रश्न जगभर प्राथमिक चाळणीसाठी वापरतात. आयएनआरच्या रांगेत नंबर लागला की रक्त काढायच्या आधी नर्स हे दोन प्रश्न विचारू शकते. उत्तर जड आलं तर पुढचं बोलायला एक माणूस हवा, हे अर्थातच आधी ठरलेलं असावं.

जर्मनीत मारबुर्गच्या संशोधकांनी २०१७ साली आणखी आधी, शस्त्रक्रियेपूर्वीच, रुग्णांशी बोलून पाहिलं: बरे झाल्यावर काय काय करायचं आहे, कधी, कसं. बायपासचे १२४ रुग्ण होते. ज्यांच्याशी असं बोलणं झालं, ते सहा महिन्यांनी रोजच्या जगण्यात कमी अडखळत होते. झडपेच्या रुग्णासाठी अशा बोलण्यात आणखी एक गोष्ट घालता येईल. त्याच वॉर्डात तपासणीला आलेल्या, दहा वर्षं झडपेसोबत जगलेल्या एखाद्या बाईला त्याच्याजवळ बसवावं. तिनं स्वयंपाक, शेत, एसटीचा प्रवास, मुलाची शाळा यांबद्दल सांगावं, आणि तिची हरकत नसेल तर त्याच्या बायकोनं क्षणभर तिच्या खांद्याशी कान न्यावा. नवी झडप बसल्यावर पुढची कितीतरी वर्षं अंधारात ती टिकटिक रुग्णाइतकीच त्याच्या शेजारी झोपणाऱ्या माणसालाही ऐकू येणार असते. रात्री जागा होऊन आवाज चालू आहे ना, हे बघणारा दुसरा कानही त्या घरात असतो, आणि त्या कानाला आजवर कुठल्याही ओपीडीत कुणी काही विचारलेलं मी पाहिलेलं नाही.